‘आमची कोठेही शाखा नाही!’

पुण्याच्या पेठांतील जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी दिसते आणि तिच्यावर विनोद करणे हा महाराष्ट्राचा जुना छंद आहे. मराठी माणसाला धंद्याची दृष्टी नाही, याचा पुरावा म्हणून ही पाटी दाखवली जाते. ज्याला वाढायचे नाही तो व्यापारी कसला, असे व्यवस्थापनशास्त्राचे नवे पदवीधर विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुण्यात हिंडण्याची गरज नाही. ज्या शहराकडे बोट दाखवून आपल्याला व्यापाराचे धडे दिले जातात, त्या न्यूयॉर्कमध्येच ते सापडते. आणि तेही मुठीत मावणाऱ्या एका केकच्या कहाणीत.

कपकेक हा कोणा कंपनीने शोधून काढलेला पदार्थ नाही. अमेरिकी गृहिणींचा तो दोनशे वर्षांचा घरगुती खाऊ. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात लहान कपांत भाजायच्या केकचा उल्लेख आहे. एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी, असे घरोघरी तोंडपाठ असलेले त्या केकचे सोपे प्रमाण. आपल्याकडे आजीची वाटी हेच जसे माप, तसाच हा प्रकार. शाळेत वाढदिवसाला वाटण्यासाठी आईने आदल्या रात्री हे केक करावेत आणि मुलाने डब्यातून न्यावेत, एवढाच त्याचा संसार होता.

१९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर दोन स्त्रियांनी मॅग्नोलिया बेकरी हे छोटे दुकान थाटले. मोठ्या केकचे उरलेले मिश्रण वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते कागदी वाट्यांत भाजले आणि वर लोण्या-साखरेचा रंगीत थर दिला. येथपर्यंत ही कथा कोणत्याही कष्टाळू गृहउद्योगाची आहे आणि तिचे कौतुकच केले पाहिजे. पुढे २००० साली ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेत त्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून नायिका कपकेक खाताना दिसली. मालिकेचा वकूब तिच्या नावातच उघड आहे; परंतु त्या काही क्षणांच्या दृश्याने जे केले, ते लोणी-साखरेला जमले नव्हते. दुकानाबाहेर कोपरा ओलांडून जाणाऱ्या रांगा लागल्या. एका गिऱ्हाइकाला किती केक द्यायचे यावर मर्यादा आली. रांग सांभाळायला दारावर माणूस उभा करावा लागला. पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या. पदार्थ तोच, हात तेच, प्रमाणही तेच. बदलले होते ते गिऱ्हाईक. आता लोक केक खायला येत नव्हते, केक खाताना दिसायला येत होते.

कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे?

या वस्तीला आणखी एक इतिहास आहे. ब्लीकर स्ट्रीटपासून काही पावलांवर, हडसन स्ट्रीटवर, जेन जेकब्स राहत असत. अमेरिकी शहरांच्या जीवनमरणावरील त्यांचा १९६१ सालचा ग्रंथ जगभरच्या नगररचनाकारांना आजही टाळता येत नाही. गल्लीतील छोटा दुकानदार हा नुसता विक्रेता नसतो, तो वस्तीचा डोळा असतो, हे त्यांनी आपल्याच गल्लीच्या उदाहरणाने दाखवले. घर बंद करून जाताना लोक किल्ल्या कोपऱ्यावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानात ठेवून जात. आळीतल्या वाण्याकडे किल्ली ठेवून गावाला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला हे समजावून सांगायला नको. या विश्वासाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. पण तो गेला की वस्तीत घरे उरतात, शेजार उरत नाही.

ब्लीकर स्ट्रीटचे नेमके तेच झाले. रस्ता प्रसिद्ध झाला, पाठोपाठ मार्क जेकब्स आणि इतर नामांकित वस्त्रप्रावरणांची दालने आली आणि दुकानांची भाडी गगनाला भिडली. मॅग्नोलियाच्या समोरच चरित्रग्रंथांसाठी ओळखले जाणारे एक जुने पुस्तकाचे दुकान होते. २००९ साली त्याला ती जागा सोडावी लागली. त्या जागी मार्क जेकब्सचे दालन आले. २०१७ पर्यंत मोठमोठी नावेही ते भाडे झेपेनासे होऊन निघून गेली आणि एकेकाळी गजबजलेल्या रस्त्यावर रिकाम्या काचांची रांग उभी राहिली. याचे सारे खापर एका केकवर फोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु वस्ती ही राहण्याची जागा न उरता मिरवण्याची जागा झाली की ती किती वर्षे टिकते, याचे उत्तर त्या रस्त्याने दिले आहे.

भट्टीविना बेकरी

दुसरी कथा अधिक बोलकी आहे. २००३ साली न्यूयॉर्कच्याच अप्पर वेस्ट साइड भागात ‘क्रम्ब्स’ हे कपकेकचे दुकान निघाले. एकाची दहा झाली, दहांची अनेक. मग वॉल स्ट्रीटची नजर पडली. स्वतःचा कोणताही व्यवसाय नसलेली, केवळ दुसरी कंपनी विकत घेण्यासाठी भांडवल गोळा करून शेअर बाजारात उभी असलेली एक कोरी कंपनी पुढे आली आणि सुमारे ६ कोटी ६० लाख डॉलरच्या व्यवहारातून २०११ साली क्रम्ब्स बाजारात नोंदवली गेली. शेअर १३ डॉलरच्या वर चढला. भागधारकांना दर तिमाहीला वाढ दाखवायची, तर दुकाने उघडत राहणे भाग होते. गंमत अशी की, या बेकरीच्या दुकानांत केक भाजलेच जात नसत. ते बाहेरच्या कारखान्यांकडून करून घेतले जात. भट्टी दुसऱ्याची, भांडवल तिसऱ्याचे. स्वतःची म्हणावी अशी केवळ पाटी!

नवलाई ओसरली. २०१३ या एका वर्षात कंपनीला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचा तोटा झाला. ७ जुलै २०१४ रोजी उरलेली सर्व, म्हणजे सुमारे ५० दुकाने एकाच दिवशी बंद करण्यात आली. सकाळी कामावर आलेल्यांना संध्याकाळी नोकरी नसल्याचे त्याच दिवशी कळले. पुढे दिवाळखोरीतून ते नाव नव्या धन्यांनी विकत घेतले. नाव विकले जाते, नोकरी परत येत नाही.

‘एक दुकान बुडाले म्हणून एवढा गहजब कशाला? लोकांना हवे ते लोक खातील. शिवाय रोजगार तर मिळतो ना?’ असा युक्तिवाद आपल्याकडील बाजारवादी विद्वान हमखास करतील. कोणी काय खावे, हा येथे प्रश्नच नाही. पुण्याच्या कयानी बेकरीसमोर वर्षानुवर्षे रांगा लागतात आणि त्या बिस्किटांनी कोणाचीही संस्कृती बुडालेली नाही. प्रश्न आहे तो धंदा कोणाचा, आणि तो कोणासाठी वाढतो, हा. रोजगाराचे म्हणाल, तर मालकाला नाव माहीत नसलेला नोकर ही रोजगाराची सर्वांत ठिसूळ जात आहे.

आणि शाखा काढणे म्हणजेच पाप, असेही नव्हे. मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्या ‘लिज्जत’च्या शाखा आज देशभर आहेत आणि चाळीस हजारांहून अधिक बहिणी तेथे काम करतात. मात्र जी लाटते तीच मालकीण, हे सूत्र सहा दशकांत सुटलेले नाही. तेथे नफ्याची वाटणी होते, तशी तोट्याचीही. म्हणूनच ती संस्था वाढली तरी पोकळ झाली नाही. क्रम्ब्स आणि लिज्जत यांतील फरक पदार्थाचा नाही, मालकीचा आहे.

हे आज सांगण्याचे कारण आहे. मॅग्नोलिया २०१९ सालीच बंगळूरुत येऊन पोहोचली. आपल्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत, निवृत्तीची पुंजी एखाद्या चकचकीत पाटीची फ्रँचायझी घेण्यात गुंतवावी काय, अशा चर्चा रंगतात. केकचा वर्ग करून घरच्या ओव्हनवर सुंदर काम करणाऱ्या मुलींना, ‘लहान का राहतेस, साखळी काढ, गुंतवणूकदार शोध’, असे सल्ले दिले जातात. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. भट्टी कोणाची? पैसा कोणाचा? आणि नवलाई ओसरल्यावर दारात कोण उभे राहील? तिन्ही उत्तरे घरातील असतील, तर मुलीने खुशाल वाढावे. सगळ्या आळीने तिच्या पाठीशी उभे राहावे, वाढदिवसाचा केक दूरच्या दालनातून न मागवता तिच्याकडूनच घ्यावा. उत्तरे परकी असतील, तर गाळ्याच्या करारावर सही करण्यापूर्वी थांबावे.

‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीचा खरा अर्थ इतकाच आहे की, या दुकानात जे मिळते त्याची जबाबदारी समोर बसलेल्या माणसावर आहे आणि उद्या सकाळीही तो येथेच बसलेला असेल. न्यूयॉर्कला ही पाटी परवडली नाही. आपण तिच्यावर हसावे की तिच्याकडून शिकावे, हे ठरवायला अजून वेळ गेलेली नाही.