हॉल रद्द झाला म्हणून पैसे बुडाले असे समजू नका



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात लग्नाचा हॉल कित्येक महिने आधी धरावा लागतो. मे महिन्यातला रविवार हवा असेल तर त्याहूनही आधी. सोसायटीचे कर्ज, भिशी, घरातला दागिना, कोठून तरी पंचवीस-तीस हजार उभे करून बाप ते हॉलवाल्याच्या टेबलावर ठेवतो. आणि मग घरात कोणी दगावते, मुलाची नोकरी जाते किंवा सोयरीकच मोडते. हॉल रद्द करायला गेले की पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ दाखवली जाते : ‘कोणत्याही कारणास्तव रक्कम परत मिळणार नाही.’ माणूस मान खाली घालून परत येतो. सोयरीक मोडल्याचे दुःख आधीच असते, त्यात पैशासाठी भांडलो तर चार लोकांत आणखी चर्चा होईल ही भीती. आमच्या मते ही भीतीच हॉलवाल्याच्या सर्वात जास्त उपयोगी पडते.

प्रथम पावती नीट वाचावी. आपण दिलेल्या पैशात बहुधा दोन रकमा असतात. एक ॲडव्हान्स, म्हणजे भाड्यापैकी आगाऊ दिलेला भाग. दुसरी डिपॉझिट, म्हणजे खुर्च्या-भांडी मोडली, हॉलची नासधूस झाली तर भरपाईसाठी ठेवलेली रक्कम. लग्नच झाले नाही तर मोडतोड कसली? तेव्हा हे डिपॉझिट परत मागताना संकोच करण्याचे कारण नाही. वाद असतो तो ॲडव्हान्सचा.

आता त्या छापील ओळीविषयी. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ७४ चा अर्थ सोप्या भाषेत असा की, करार मोडणाऱ्याकडून दुसऱ्या पक्षाला वाजवी भरपाई घेता येते. कागदावर लिहिलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते, ती आपोआप हक्काची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मौला बक्ष यांच्या खटल्यात हेच सांगितले. ते लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवणारे कंत्राटदार होते. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने करार रद्द करून त्यांचे १८,५०० रुपयांचे डिपॉझिट जप्त केले. पण सरकारला आपले नुकसान सिद्ध करता आले नाही, म्हणून ती रक्कम परत द्यावी लागली. जिथे सरकारला नुकसान दाखवावे लागते, तिथे हॉलवाल्याने का दाखवू नये?

म्हणून खरा प्रश्न एकच : आपण रद्द केल्यामुळे हॉलवाल्याचे किती नुकसान झाले? समजा, चार महिने आधी कळवले आणि ती तारीख दुसऱ्याला दिली गेली, तर त्याचे भाडे त्याला मिळालेच. चार दिवस आधी कळवले आणि हॉल रिकामा राहिला, तर त्याने वाजवी कपात करणे न्यायाचे आहे. तिथे आपणही हट्ट धरू नये. हॉलवाल्याने स्वतःच तारीख रद्द केली, तर मात्र सर्व पैसे परत आणि वर नुकसानभरपाईही मागता येते.

करायचे काय? रद्द करण्याचे ठरले त्याच दिवशी लेखी कळवावे. फोनवरचे बोलणे नंतर कोणी कबूल करत नाही. अर्जात पावती क्रमांक, तारीख, दिलेली रक्कम लिहावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावे व पोस्टाची पावती जपावी. लग्न फक्त पुढे गेले असेल तर तारीख बदलून मागावी. आपण मुहूर्त पाळत नाही, त्यामुळे कोणताही मोकळा दिवस आपल्याला चालतो. ही आपली मोठीच सोय आहे. आणि ठरलेल्या दिवशी हॉलच्या दारावर दुसऱ्याच वधू-वरांच्या नावाची पाटी लागलेली दिसली, तर तिचा फोटो काढून ठेवावा. तो पुरावा आहे.

तरीही पैसे मिळाले नाहीत, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही भागले नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. हॉल नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा असेल तर परताव्याचा नियम माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

सर्वात महत्त्वाचे, हॉल धरतानाच काळजी घ्यावी. पावती केटररच्या किंवा मध्यस्थाच्या नावावर न घेता आपल्या नावावर घ्यावी. ॲडव्हान्स किती, डिपॉझिट किती, किती दिवस आधी रद्द केल्यास किती कपात, हे तिच्यावर लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला तर ‘छापील पावती द्या’ असे तिथेच सांगावे. पावती न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मोडलेल्या सोयरिकीत मुलीचा दोष शोधणारे लोक आपल्यात अजूनही आहेत. त्यांच्या तोंडाकडे पाहून कष्टाचे वीस-तीस हजार सोडून देऊ नयेत. ते पैसे त्याच मुलीच्या शिक्षणाला किंवा पुढच्या संसाराला लागणार आहेत.