जवळचे डोंगर

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दूरची वस्तू चांगली दिसते आणि जवळ गेल्यावर तिच्यातले खाचखळगे कळतात, असा तिचा अर्थ सांगितला जातो. परंतु आपल्या नांदेड-लातूरकडे या म्हणीला आणखी एक अर्थ चिकटला आहे असे मला वाटते. आपल्याला दूरचे तेवढेच डोंगर वाटतात. महाबळेश्वर, कोकण, उटी, काश्मीर ही 'पाहण्याची' ठिकाणे. आणि कंधार, किनवट, उदगीर, औसा ही नुसती एस.टी.च्या पाटीवर वाचण्याची नावे! पिकते तेथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटे नाही.

हा विचार माझ्या मनात आला तो एका फार दूरच्या देशामुळे. भूगोलाच्या अभ्यासासाठी मी मध्य अमेरिकेविषयी वाचत होते. तेथे कोस्टा रिका नावाचा एक लहानसा देश आहे. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र, मध्ये ज्वालामुखी आणि ढगांत बुडालेली अरण्ये. जगभरातले प्रवासी तेथे पक्षी आणि झाडे पाहायला जातात. चित्रे पाहून कोणालाही वाटेल की निसर्गाने सारे काही त्यांच्याच पदरात टाकले. मग आपण काय करावे? सोयाबीनच्या रानात उभे राहून उसासे टाकावेत?

पुढे वाचत गेल्यावर मात्र निराळीच हकीकत समजली. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर आहे. आपला मराठवाडा सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे त्यांच्याहून मोठा. गुरांच्या कुरणांसाठी तेथे इतकी वृक्षतोड झाली की १९८० च्या दशकात जंगल जेमतेम पाव भूमीवर उरले होते. आज ते निम्म्याहून अधिक भूमीवर आहे. ही काही निसर्गाची कृपा नव्हे. १९९६ साली त्यांनी कायदा करून जंगल तोडून तेथे दुसरे काही करण्यास मनाई केली, आणि इंधनावरील करातून पैसा काढून, जो शेतकरी आपल्या जमिनीवरील झाडे उभी ठेवील त्याला त्याबद्दल मोबदला देण्यास आरंभ केला. झाड तोडण्यापेक्षा राखण्यात चार पैसे मिळू लागले, तेव्हा झाड वाचले. यात तत्त्वज्ञान थोडे आणि व्यवहार पुष्कळ आहे.

आणखी एक योगायोग मला फार बोलका वाटला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण निजामाच्या राजवटीतून मुक्त झालो. त्याच वर्षी १ डिसेंबरला कोस्टा रिकाने आपले सैन्यच बरखास्त केले. राजधानीतील लष्करी ठाण्याचे पुढे राष्ट्रीय संग्रहालय झाले. म्हणजे दोघांचीही नवी वाटचाल एकाच वर्षी सुरू झाली. त्यांनी आपल्या ठाण्याचे संग्रहालय केले. आपण आपल्या किल्ल्यांचे काय केले, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारलेला बरा.

आता आपल्याकडे वळू. आपल्याजवळ पाहण्यासारखे आहे तरी काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आधी कंधारला नेईन. नांदेडहून सुमारे पन्नास किलोमीटरवर, खंदकाने वेढलेला हा भुईकोट किल्ला राष्ट्रकूट काळापासूनचा. तिसऱ्या कृष्णाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. गावाजवळचा जगत्तुंग समुद्र हा तलावही त्याच काळाची आठवण सांगतो. भव्य क्षेत्रपाल मूर्तीचे येथे सापडलेले अवशेष पाहिले की मूळ मूर्ती केवढी असेल या विचाराने मान आपोआप वर जाते. तिकडे देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील खरोसा येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. वेरूळला आपण बसगाड्या भरभरून जातो, आणि खरोशाला कोण जाते? उदगीरच्या किल्ल्याजवळ १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाशी लढाई जिंकली. पानिपताचा पराभव आपल्याला तोंडपाठ असतो. त्याच्या आदल्याच वर्षीचा हा विजय आपल्याच जिल्ह्यात घडला, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

निसर्गाचे म्हणाल तर पैनगंगेवरील सहस्रकुंड आहे. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर काळ्या पाषाणावरून नदी अनेक धारांनी खाली कोसळते. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. त्याच भागात किनवट-माहूरचे सागवानी जंगल, रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. गोंड, कोलाम, आंध, परधान या समाजांची वस्ती तेथे आहे. दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी निघते. ढोलाच्या तालावरचे ते नृत्य म्हणजे त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, पाहुण्यांसाठी उभारलेला तमाशा नव्हे, हे मात्र जाणाऱ्याने ध्यानी ठेवावे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथाचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. एका लहानशा टेकडीवर केवढी वनसंपदा! ज्या जिल्ह्याच्या एक टक्का भूमीवरसुद्धा धड जंगल नाही, त्या जिल्ह्यात या टेकडीचे मोल सोन्याहून अधिक आहे.

गंमत अशी की मध्य अमेरिकाही आपल्या शिवारात केव्हाच येऊन राहिली आहे. मिरची, मका, पेरू, पपई आणि आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सर्वत्र दिसणारे सीताफळ, ही सारी मुळात अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात ते गिरिपुष्पाचे झाड तर थेट मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. लातूर शहर ज्या अक्षांशावर आहे, जवळजवळ त्याच अक्षांशावर तिकडे बेलीझ देशाचा उत्तर भाग येतो. तेव्हा ऊन तेच, सूर्य तोच. फरक आहे तो पावसात आणि राखण्याच्या बुद्धीत. पावसाचे आपल्या हाती नाही, बुद्धीचे आहे.

येथे कोणी म्हणेल, 'बाई, पर्यटन हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे पाहुण्यांना काय दाखवणार?' आक्षेप योग्य आहे. त्याला मी बगल देणार नाही. माझे आई-वडील शाळेची पायरी चढलेले नाहीत. त्यांनी प्रवास केला नाही असे मात्र नाही. ऊसतोडीला ते सहा-सहा महिने परमुलखात राहिले आहेत. अर्धा महाराष्ट्र त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाहिला. पाहिला म्हणजे फड पाहिले, कोप्या पाहिल्या, कारखान्याचा धूर पाहिला. स्वतःच्या हौसेने आई घराबाहेर पडते ती वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला. घोडे, गाढवे, उंट, कुस्त्या, लावणीचे फड, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे, यांचे वर्णन ती ज्या रंगाने करते, ते ऐकून मला वाटते, प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी तिच्याकडून धडे घ्यावेत. सांगायचे ते एवढेच की पाहण्याची हौस गरिबाला नसते हा समज चुकीचा आहे. त्याला सवड नसते आणि गाडीभाडे नसते.

म्हणूनच हा प्रश्न चैनीचा नसून पोटाचा आहे. आमच्या भागातील पोरे हैदराबाद-पुण्याला बांधकामावर जातात. किनवटच्या तरुणाला झाडांची नावे, पाखरांचे आवाज, पायवाटा सारे ठाऊक असते. पण ते ज्ञान म्हणून कोणी मोजत नाही. कोस्टा रिकामध्ये हेच ठाऊक असलेला माणूस वाटाड्या म्हणून सन्मानाने भाकरी मिळवतो. आणि आपल्याकडे पाहुणे नाहीत असेही नाही. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबला देशविदेशातून भाविक येतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंग महाराजांनी येथे देह ठेवला. तेव्हापासून पंजाब आणि गोदाकाठ यांचे नाते जडले. पाहुण्याला कसे वागवावे हे शिकायचे असेल तर लंगरात जाऊन पंगतीला बसावे. तेथे कोण कुठला हे कोणी विचारत नाही. एवढ्या दूरवरून आलेल्या या माणसांपैकी पाचांतल्या एकाने जरी दोन दिवस अधिक मुक्काम करून कंधार, होट्टल, सहस्रकुंड पाहिले, तर कितीतरी घरांत चूल पेटेल. निलंग्याकडील बोरसुरीच्या तुरीचे वरण आणि ज्वारीची भाकरी या पाहुण्यांनी एकदा चाखली म्हणजे ते पुन्हा येतील, याची मला खात्री आहे.

पर्यटनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोस्टा रिकातही सारे आलबेल नाही. समुद्रकाठच्या जमिनी परकीयांच्या हाती गेल्या, किमती भडकल्या आणि गावची माणसे आपल्याच गावात नोकर झाली, अशी तक्रार तेथे ऐकू येते. आपल्याकडे धोका निराळ्या रूपाने येतो. आधी डांबरी रस्ता, मग हॉटेल, मग कर्णे, मग पत्रावळ्यांचा आणि बाटल्यांचा ढीग, आणि शेवटी किल्ल्याच्या भिंतीवर बदामात कोरलेली दोन नावे. आता तर मोबाईलवर चित्रफीत काढण्यासाठी धबधब्याच्या अगदी काठावर उभे राहण्याची चढाओढ लागते. असा 'विकास' होणार असेल तर सहस्रकुंड अज्ञात राहिलेले काय वाईट? म्हणून माझे म्हणणे असे की आधी माणसे तयार व्हावीत, मग रस्ते. ज्याला आपल्या गावच्या शिल्पाचे नाव सांगता येते, तो त्यावर खिळ्याने आपले नाव कोरणार नाही.

ही माणसे कोठे तयार व्हावयाची? माझ्या मते महाविद्यालयात, आणि तीही सहलीतून. आपल्या भागातील महाविद्यालयांच्या सहली सामान्यतः चार-पाच दिवसांच्या आणि दूरच्या असतात. त्यांचा खर्च आमच्यासारख्यांच्या घरातून निघत नाही. मुलींचा प्रश्न तर आणखी वेगळा. मुक्कामाची सहल म्हटली की घरून 'नको' येते, आणि त्या 'नको'पुढे रडूनही काही होत नाही. परंतु सकाळी निघून दिवे लागायच्या आत परत येणारी सहल असेल तर कोणता बाप नाही म्हणेल? २०२३ सालापासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. भाकरी-चटणी शिदोरीला बांधली की खर्च तो किती? ज्या वर्गातील निम्मी मुले-मुली पैशाअभावी मागे राहतात, ती सहल वर्गाची नसते, काही जणांची असते.

म्हणून गुरुजनांपुढे एक नम्र सूचना मांडते. दरवर्षी प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या दोन जिल्ह्यांतील एक तरी स्थळ पाहावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्याची टिपणे काढावीत, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा करावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी तेथील म्हाताऱ्या माणसांकडून कथा-गाणी उतरवून घ्यावीत. आपल्या वर्गात गोंडी, गोरबोली, तेलुगू, कानडी, दखनी बोलणारी मुले बसतात. त्यांच्याएवढे उत्तम दुभाषे आणखी कोठे मिळणार? पाच वर्षांत या टिपणांची एक पुस्तिका सहज होईल, आणि ती हाती घेऊन आमच्यातलाच कोणी मुलगा किंवा मुलगी पाहुण्याला किल्ला दाखवू लागेल.

हे फार मोठे स्वप्न आहे असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी एक गोष्ट ऐकावी. कोस्टा रिकातील मॉन्टेवर्देजवळचे जंगल वाचवण्यासाठी १९८७ साली स्वीडनमधील एका प्राथमिक शाळेतील मुलांनी पैसे जमवून थोडी जमीन विकत घेतली. पुढे इतर देशांतील मुले त्यांना मिळाली. आज मुलांच्या नावाने ओळखले जाणारे ते अरण्य वीस हजार हेक्टरांहून मोठे आहे. त्या मुलांनी जे जंगल कधी पाहिलेही नव्हते, त्यासाठी एवढे केले. आपले जंगल तर एका एस.टी.च्या तिकिटावर आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या हिवाळ्यात पहिली गाडी कंधारची धरू या. सूचनाफलकावर नावांची यादी लागेल तेव्हा पहिले नाव माझे लिहा.