तुमच्याच गाडीला कसं होतं?

मराठीत माणसाला गप्प बसवणारी वाक्यं पुष्कळ आहेत. लहानपणी "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये", नोकरीत "साहेब मीटिंगमध्ये आहेत", आणि उरलेल्या आयुष्यात "जाऊ द्या हो, चालायचंच". पण या सगळ्या वाक्यांचा राजा राहतो गाडीच्या सर्व्हिसिंगच्या काउंटरवर. आपण समोर उभे असतो, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण जॉबकार्डावर काहीतरी खरडत असतो आणि मान वर न करताच म्हणतो, "साहेब, महिन्याला इतक्या गाड्या येतात आमच्याकडे. तुमच्याच गाडीला कसं होतं?"

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हा प्रश्नच नाही. हा निकाल आहे. गाडी निर्दोष, कंपनी निर्दोष, एक वेळ रस्तासुद्धा निर्दोष. दोष असलाच तर तो आपल्या क्लचवरच्या डाव्या पायात. माझ्या गाडीला डाव्या अंगाला एक खडखड आहे. ती फक्त घरची माणसं आत असतानाच होते. मेकॅनिक शेजारी येऊन बसला की इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग जसा हाताची घडी घालून बसतो, तशी गाडी चिडीचूप. मग मेकॅनिक माझ्याकडे पाहतो. डॉक्टरांनी नाडी सोडून रुग्णाच्या नातेवाइकांकडे पाहावं, तसं.

ही हकिकत मी आमच्या मेहुण्यांना सांगितली. मेहुणे जपानचे भक्त. त्यांच्याकडे एक जुनं जपानी घड्याळ आहे, ते १५ वर्षांत एक सेकंद मागे पडलेलं नाही असा त्यांचा दावा आहे. (ते कशाशी ताडून पाहतात, हे मी विचारलेलं नाही. घरात शांतता हवी असते.) ते म्हणाले, "जपानी घ्यायची होतीत! अहो, तिथला माणूसच प्रामाणिक. एकेका स्क्रूमागे दोन दोन इंजिनिअर. तिथे तक्रार ही चीजच नाही!"

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. तक्रार ही चीज तिथे भरपूर होती. फक्त ती कपडे बदलायच्या खोलीतल्या लॉकरमध्ये होती.

पण जरा सावकाश सांगतो. 'जपानी' या शब्दाला आपल्याकडे ही प्रतिष्ठा जन्मापासून नव्हती. आजोबांच्या पिढीत 'जपानी माल' म्हणजे स्वस्त आणि नाजूक माल. दिवाळीत आणलेलं जपानी खेळणं तुळशीच्या लग्नापर्यंत टिकलं तर ते घराण्याचं भाग्य. मग मधल्या काळात जपान्यांचं रक्त बदललं की काय? रक्त बदललं नाही, वह्या बदलल्या. १९५० साली एडवर्ड्स डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानात गेला आणि त्याने कारखानदारांना व्याख्यानं दिली. त्याच्या शिकवणीचा सारांश आमच्या गिरणगावातल्या कुठल्याही जॉबरला पटेल असा आहे : माल बिघडला तर आधी माणसावर ओरडू नका, बिघाड कुठून आला ते पाहा आणि त्याची नोंद ठेवा. नोंदी ठेवणं, त्या वाचणं, वाचून लाज वाटणं आणि लाज वाटून सुधारणं, एवढंच ते गूढ. यातल्या पहिल्या पायरीवर फार मन लावून थांबलेल्या एका कंपनीची ही गोष्ट आहे.

कंपनीचं नाव मित्सुबिशी. 'मित्सु' म्हणजे तीन आणि 'हिशी' म्हणजे शिंगाडा. जग ज्याला तीन हिरे म्हणतं ते मुळात तीन शिंगाडे आहेत, हे कळल्यापासून मला एकादशीला ही कंपनी आठवते. शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांतातल्या यातारो इवासाकी या गृहस्थाने १८७० साली जहाजांचा धंदा काढला, त्यातून हे साम्राज्य उभं राहिलं. मोटारीचा नाद लागला १९१७ साली. इटलीच्या फियाटच्या धर्तीवर कंपनीच्या कोबे इथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात 'मॉडेल ए' नावाची गाडी तयार झाली. सगळं हातकाम. जपानातली ही पहिली मालिकेने बांधलेली मोटार असं म्हणतात; पण मालिका म्हणजे किती? १९२१ पर्यंत मिळून २२. महाग पडायची, अमेरिकन गाड्यांपुढे टिकाव लागेना, तेव्हा काम बंद केलं. २२ गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला एक कारकून आणि एक चहाची किटली पुरली असेल.

पुढे युद्धात याच घराण्याने 'झीरो' विमानं बनवली; युद्धानंतर साम्राज्याचे तुकडे झाले आणि त्यातला एक तुकडा स्कूटरी बनवू लागला. १९७० साली मोटारींची स्वतंत्र कंपनी निघाली. त्यानंतरची कामगिरी ऐकून मेहुण्यांचा ऊर भरून येईल. १९७४ साली पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली, म्हणजे चिखल, धूळ आणि मधूनच आडवं जाणारं जनावर, ती मित्सुबिशीच्या लॅन्सरने जिंकली. चालवणारा कोण? जोगिंदर सिंग, केनियाचा सरदारजी. त्यानेच १९७६ साली पुन्हा जिंकली. वाळवंटातली पॅरिस-डकार शर्यत पजेरोने १९८५ ते २००७ या काळात १२ वेळा जिंकली. तेव्हा या लोकांना गाडी बनवता येत नव्हती असं कुणी म्हणू नये. सफारीत टिकणारी गाडी बनवणाऱ्यांना खडखड ऐकू येत नसेल, हे मी मानायला तयार नाही.

आणि इथेच मला मौज वाटते, म्हणजे मौज हा शब्द चुकीचाच आहे. १९७६ साली लॅन्सरने सफारी मारली आणि १९७७ पासून कंपनी गिऱ्हाइकांच्या तक्रारी सरकारपासून लपवत होती. हे मी म्हणत नाही, कंपनीनेच नंतर कबूल केलं.

झालं असं, की २००० सालच्या जुलैत कुणीतरी निनावी खबर दिली आणि जपानच्या परिवहन मंत्रालयाचे अधिकारी मुख्य कचेरीत येऊन थडकले. कपडे बदलायच्या खोलीतले लॉकर उघडले तर आत कोट नाहीत, टाय नाहीत, गठ्ठेच्या गठ्ठे तक्रारी! आपल्याकडे माणूस लॉकरमध्ये बायकोच्या बांगड्या ठेवतो, इथे लोकांच्या ब्रेकची गाऱ्हाणी ठेवलेली. तक्रारींची वर्गवारी होती. काही सरकारला दाखवायच्या, बाकीच्यांवर 'एच' असं अक्षर. जपानीत 'लपवणे' या अर्थाचा जो शब्द आहे त्याचं हे आद्याक्षर. म्हणजे बघा, चोरीतसुद्धा फायलिंग चोख. आमच्याकडच्या कचेरीत कागद हरवतात ते प्रामाणिकपणे हरवतात. नंतर हवा असला तरी सापडत नाही. इथे २३ वर्षं कागद नंबरवारीने हरवत होते.

यामागचा हिशेब साधा आहे. गाडीत दोष निघाला तर सरकारला कळवायचं, जाहीर करायचं आणि सगळ्या गाड्या परत बोलवून फुकट दुरुस्त करून द्यायच्या, ही रीकॉलची पद्धत. त्यात खर्च येतो, वर नाव जातं. त्यापेक्षा जो ओरडेल त्याची गाडी गुपचूप दुरुस्त करून द्यायची आणि जो ओरडणार नाही त्याला देवावर सोडायचं. जपानीत याला 'अंधारातली दुरुस्ती' अशा अर्थाचा शब्दच आहे. आणि अंधारातली दुरुस्ती चालते ती एकाच वाक्याच्या जोरावर : "तुमच्याच गाडीला कसं होतं?" टोकियोतला गिऱ्हाईक बिचारा कमरेत वाकून "माफ करा, आमच्याच गाडीला" म्हणत घरी जात असेल, आणि त्याला ठाऊक नाही की त्याच्यासारखे बाकी सगळे एकाच लॉकरमध्ये शेजारी शेजारी झोपलेत.

सहा लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. अध्यक्ष कात्सुहिको कावासोए कॅमेऱ्यासमोर वाकले आणि पायउतार झाले. मेहुणे म्हणतात, "बघा, वाकले ना! आपल्याकडे कोण वाकतं?" खरं आहे. पण वाकणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे ते बघायला हीच वेळ चांगली असते.

पाठीमागे ट्रक होते. २००२ सालच्या जानेवारीत योकोहामात एका मोठ्या ट्रेलरचं पुढचं चाक हबसकट निखळलं. हब म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसवतात तो मधला लोखंडी भाग. चाकाचं वजन साधारण १४० किलो. ते घरंगळत गेलं आणि रस्त्याने आपल्या दोन लहान मुलांना घेऊन चाललेल्या २९ वर्षांच्या आईच्या अंगावर आदळलं. ती गेली. मुलांना मार लागला.

आता कंपनीचं उत्तर ऐका. हब झिजला होता, मालकाने नीट देखभाल केली नाही. झीज ०.८ मिलिमीटरच्या वर गेली की हब बदला, असा मापाचा दंडकही काढला. मिलिमीटरचे दशांश आले की आपण मराठी माणसं मान डोलावतो. तिथेही डोलावली असावी. पोलिसांची धाड पडली ती ट्रकवाल्याकडे. आणि ही पहिली वेळ नव्हती. १९९९ साली हिरोशिमा भागात याच कंपनीच्या एका बसचं चाक असंच हब तुटून निघालं होतं. कुणाला लागलं नाही, म्हणून तेव्हाही देखभालीवर ढकलून प्रकरण मिटलं. २००२ च्याच ऑक्टोबरमध्ये यामागुची प्रांतात आणखी एका ट्रकचा क्लचचा भाग तुटला, त्यापायी ब्रेक गेले, चालक ठार झाला. २००४ सालच्या मार्चमध्ये ट्रकविभागाने (तोवर त्याची फुसो म्हणून वेगळी कंपनी झाली होती) कबूल केलं : हबच्या आराखड्यातच दोष होता. माजी अध्यक्षांना अटक झाली. क्लचच्या प्रकरणात २००८ साली कावासोए यांना न्यायालयाने दोषी ठरवलं. शिक्षा मात्र स्थगित. हबच्या प्रकरणात दोघा माजी अधिकाऱ्यांची शिक्षा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली.

म्हणजे "तुमच्याच गाडीला" हे वाक्य आपण समजतो तसं नुसतं उर्मट नाही. ते वाक्य माणसं मारतं. १९९९ साली ते कुणी गिळलं नसतं तर योकोहामाची ती बाई त्या दिवशी घरी पोचली असती. जुन इकेइदो या लेखकाने २००६ साली या प्रकरणावरून बेतलेली एक कादंबरी लिहिली, नाव साधारण 'आकाशात उडणारं चाक'. २०१८ साली तिचा सिनेमा आला. नायक कोण, तर ज्याच्यावर ठपका आला तो लहानसा ट्रकमालक. जपानच्या प्रामाणिकपणाचा पुतळा करायचाच असेल तर मी इंजिनिअरचा करणार नाही, त्या चिवट ट्रकवाल्याचा करीन.

२०१६ साली तिसरा अंक. या वेळी विषय आपल्या जिव्हाळ्याचा : ॲव्हरेज! छोट्या गाड्यांचं ॲव्हरेज कागदावर फुगवून सांगितलं होतं. ६ लाख २५ हजार गाड्या. पकडलं कुणी? त्यातल्या बऱ्याच गाड्या ज्या निसान कंपनीसाठी बनवल्या जात, तिनेच मोजून पाहिलं. मोजण्याची ही चुकीची रीत १९९१ पासून चालू होती. पुन्हा वाकले. त्याच वर्षी निसानने मित्सुबिशीचे ३४ टक्के शेअर घेतले. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकानेच दुकान घेतल्याचं हे उदाहरण मला मनापासून आवडतं.

"एक कंपनी वाईट निघाली म्हणून..." असं मेहुणे सुरू करणारच. एकच असती तर बरं होतं. ज्या टोयोटाचे मूळपुरुष साकिची टोयोदा यांनी धागा तुटताक्षणी आपोआप थांबणारा माग बनवला (इचलकरंजीच्या माणसाला त्याची किंमत सांगायला नको), त्या घराण्याच्या कंपनीलाही २०१४ साली अमेरिकेत, दोषांबद्दल गिऱ्हाइकांची दिशाभूल केली म्हणून १२० कोटी डॉलर भरावे लागले. माग थांबला, माणसं थांबली नाहीत. मला जपानची निंदा करायची नाही. मला एवढंच म्हणायचंय की गाडीचा भरवसा देशाच्या नावात नसतो. तो तक्रारीचा कागद कुणाच्या टेबलावर जातो, यात असतो.

आपला या कंपनीशी संबंध काही थोडा नाही. १९८० च्या दशकात आयशरने मित्सुबिशीशी हातमिळवणी करून इंदूरजवळ पिथमपूरला छोटे ट्रक काढले, आणि त्यातला 'कँटर' आपल्या बोलीत इतका मुरला की आज कुठलाही मध्यम ट्रक आपल्याला कँटरच. १९९८ पासून हिंदुस्तान मोटर्सची लॅन्सर चेन्नईजवळून यायची. ती दारात उभी असली की लोक मालकाला 'अहो-जाहो' करत.

आणि कायदाही आता आपल्याकडे आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला. २०२१ पासून नियम लागू झाले. पण त्यात एक मेख आहे. ठरावीक संख्येने मालकांच्या तक्रारी जमल्या, की चक्र फिरणार. म्हणजे आपली कुरकुर मोजली जाते, मतासारखी.

आता आमच्या सोसायटीत माझ्याच मॉडेलच्या आणखी तीन गाड्या आहेत. तिन्हींना डाव्या अंगाला खडखड आहे, मी चालत जाताना स्वतःच्या कानांनी ऐकलीय. मी तिघांकडे सहीला कागद घेऊन गेलो. पहिले म्हणाले, गाडी विकायला काढायचीय, उगाच किंमत पडेल. दुसरे म्हणाले, जावई बापूंनी पसंत केलेली गाडी आहे, तक्रार कशी करायची? तिसरे रविवारी सकाळी बादली घेऊन गाडी पुसत होते. मी खडखडीचं विचारलं, तर फडकं खांद्यावर टाकून त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

"आमची? छे हो, मख्खन आहे मख्खन! तुमच्याच गाडीला कसं होतं?"