सर, तुम्हीच लिहा

डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीतली मुलं अमेरिकेच्या एमएसचे अर्ज घेऊन माझ्याकडे येतात, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात खालच्या मजल्यावरची मुलगी आली, ती तीन शिफारसपत्रं घेऊन. तीन प्राध्यापकांची, तिन्ही तिनंच लिहिलेली. "काकू, तीन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी वाटतात ना, एवढंच बघा."

एका सरांनी सांगितलं होतं, तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो. दुसऱ्यांनी सीनियरचं जुनं पत्र पाठवलं, नाव बदलून घे म्हणून. मॅडमनी निदान प्रोजेक्ट कोणता होता ते विचारलं.

अर्जात या पत्रांसाठी एक चौकोन असतो: पत्र वाचण्याचा हक्क मी सोडते. अमेरिकेत १९७४ साली सिनेटर जेम्स बकली यांच्या पुढाकारानं 'फर्पा' कायदा झाला आणि विद्यार्थ्यांना आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. मग मोकळेपणानं पत्र लिहिणार कोण, अशी काळजी विद्यापीठांना लागली. त्याच वर्षअखेर दुरुस्ती झाली: विद्यार्थ्याला हा हक्क स्वखुशीनं सोडता येतो, मात्र प्रवेशासाठी तशी सक्ती करता येत नाही. न वाचलेल्या पत्रावर समितीचा विश्वास अधिक, म्हणून बहुतेक मुलं हक्क सोडतात.

आणि आमची मुलगी रात्र जागून पत्र लिहिते, मग ते कधीच वाचणार नाही असं लिहून देते. मला तिचा राग येत नाही. राग येतो तो एकविशीतल्या पोरीला हे करायला लावणाऱ्या मोठ्या माणसांचा.

यात नुकसानही तिचंच आहे. तिन्ही पत्रांत ती 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' होती. प्रयोग फसल्यावर तिनं सर्किट पुन्हा पहिल्यापासून कसं जुळवलं, हे एकातही नव्हतं. स्वतःबद्दल असं लिहायला संकोच वाटतोच. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते कन्सल्टन्सीकडून पत्रं लिहून घेतात. लहान गावातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा मुलगा दोन्हीकडून मागे राहतो.

प्राध्यापकांवरचा भार मला माहीत आहे. जागा रिकाम्या, नॅकच्या फाइली, वर्गात सत्तर मुलं. पण मग म्हणावं, मी तुला फारसं ओळखत नाही, दुसऱ्या कुणाला विचार. तो नकार मुलांच्या जास्त उपयोगाचा आहे.

त्या सर्किटच्या वेळी लॅबमध्ये कोण होतं, असं मी विचारलं. तासिका तत्त्वावरचे एक सर. शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत थांबायचे. त्यांना का नाही विचारलंस? तर म्हणाली, त्यांना कॉलेजचा ईमेल आयडी नाही. जीमेलवरून आलेलं पत्र पोर्टल घेईल की नाही याची तिला भीती, शिवाय एचओडींचं पद वजनदार दिसतं.

मी तिला तिथंच फोन लावायला सांगितला. सरांना त्या सर्किटमधला कपॅसिटर कोणता जळला होता तेसुद्धा आठवत होतं. "लिहितो, पण तुला दाखवणार नाही," म्हणाले.

हा माणूस तासावर पैसे घेतो आणि सुट्टीत पगाराविना राहतो. त्याला पर्मनंट करणं प्राचार्यांच्या हातात नसेल, पण ईमेल आयडी देणं नक्की आहे. तो या आठवड्यात द्या. मुलांच्या डेडलाइन पंधरा तारखेच्या आहेत.