अर्ध्या तासाचे घड्याळ
बऱ्हाणपूरहून परदेशी ये-जा करणाऱ्या वडिलांना दोन वेळांचे घड्याळ भेट द्यायचे, तर भारतीय वेळेतला अर्धा तास आधी लक्षात घ्यावा लागतो. बऱ्हाणपूर साधारण ७६.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथला सूर्य ८२.५ अंशांवर बेतलेल्या प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २५ मिनिटे मागे चालतो, तरी घड्याळे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढेच लावली जातात. भारतापेक्षा दुबई दीड तास मागे, नैरोबी अडीच तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. अडचण इथेच आहे. पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांसाठी १९५०च्या दशकात रोलेक्सने आणलेल्या जीएमटी प्रकारच्या घड्याळात दोन्ही वेळांना मिनिटकाटा एकच असतो. त्यामुळे घरची वेळ वाचताना दर वेळी तीस मिनिटांचा हिशेब मांडावा लागतो. विमानतळावरच्या धांदलीत, तेही उतारवयात, हा जाच नको. दोन स्वतंत्र यंत्रे आणि दोन तबकड्या असलेल्या घड्याळात मिनिटेही वेगळी लावता येतात. लंडनची उन्हाळी वेळ सुरू झाली तर एकच तबकडी हलवायची, घरची तशीच राहते. अंक ठळक हवेत. बऱ्हाणपूरहून निघणाऱ्या वडिलांसाठी नामांकित जीएमटीपेक्षा साधे दोन तबकड्यांचे घड्याळच अधिक कामाचे.