आधी खरारा, मग पाणी

आपल्या राजूरला धूळ दोन रंगांची. काळी कोळशाची आणि पांढरी चुन्याची. काळी लगेच दिसते. पांढरी मात्र पांढऱ्या जनावरावर दिसत नाही. आमची घोडी पांढरीशुभ्र आहे. लगीनसराईत ती वरातीला जाते. तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, तेव्हापासून माझे एक मत झाले आहे.

मागच्या उन्हाळ्यात वणीची एक वरात होती. बाबा कामाला गेलेले. मी म्हटले, आपणच घोडी धुऊन ठेवू. बादली उचलली ती सरळ पाठीवर ओतली आणि साबण चोळला. आमची घोडी फार गरीब, पण त्या दिवशी कातडी थरथरवायला लागली, पाय आपटायला लागली. जीन टेकते नेमका तिथेच लाल चट्टा उठला. वरातीला दुसऱ्याची घोडी गेली आणि आमची बिदागीही गेली. बाबा काहीच बोलले नाहीत. आजोबा म्हणाले, "अवं पोरी, काल ते भट्टीपाशी उभी होती नं! आंगावर चुना होता. आधी कोरडा खरारा करा लागते, मंग पानी."

कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा फसफसतो, पाणी कसे तापते, हे आपल्या गावातल्या पोरांना कोणी सांगायला नको. मला तर तो विज्ञानाचा धडा पाठ होता. बादली ओतताना मेला आठवला नाही!

म्हणून माझे मत असे की घोड्याला खरारा रोज केला पाहिजे, वरात असो की नसो. काही लोक म्हणतात, वरातीच्या दिवशी घोडी चकाकली की झाले. मला हे पटत नाही. घोड्याला घाम फार येतो. घाम आणि धूळ जीनखाली घासली की पाठ लागते, मग वरून कितीही भरजरी झूल घाला. बैलाचेही आपण तसेच करतो. पोळ्याला शिंगे रंगवायची आणि बाकी वर्षभर खांद्याकडे बघायचेसुद्धा नाही.

खरारा मानेपासून सुरू करून मागे न्यावा. लोखंडी खरारा तोंडाला आणि गुडघ्याखाली लावू नये, तिथे हाडावर नुसती कातडी असते. तिथे मऊ ब्रश किंवा फडके फिरवावे. ठाण मागे धरू नये, बाजूला उभे राहावे. नंतर एकेक पाय उचलून खुरातली घाण आकड्याने टाचेकडून पुढे काढावी. खुराच्या मधोमध मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याला आकडा टोचू नये. शेण-मूत तिथे अडकून राहिले तर खूर सडतो, वास मारतो. गल्लीतल्या बाया म्हणतात, हे काय पोरीचे काम आहे? पण घोडीने अजून तशी तक्रार केलेली नाही.

शाळेत यायच्या आधी मला या सगळ्याला अर्धा तास लागतो. आकडा हातात दिसला की ती आता आपणहून पाय उचलते. चट्ट्यावर केस आले आहेत. पण तिथे हात नेला की अजूनही ती कान मागे करते.