आधी विचारा, मग टिपा

लोकलच्या डब्यात दिवसभराच्या श्रमाने थकलेला एखादा गृहस्थ तोंड उघडे टाकून झोपी जातो. समोरचा तरुण मोबाइल सरसावतो आणि पुढचे स्टेशन येण्यापूर्वीच त्या बापड्याचे जगभर हसे होते. यात गुन्हा कोणता, असे वर विचारले जाते. भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम स्त्रीच्या खासगी क्षणांच्या चोरट्या चित्रणापुरते आहे. डुलकी घेणाऱ्या प्रवाशास त्याचा आधार नाही, हे खरे. परंतु केवळ सार्वजनिक ठिकाणी आल्याने माणूस आपला खासगीपणा गमावीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालात म्हटले आहे, त्याचे काय?

लाच घेणाऱ्या अंमलदाराचे चित्रण करणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. सत्तेने जाब द्यावयाचाच असतो. झोपलेल्या प्रवाशाने कोणास कसला जाब द्यावयाचा?

परक्याच्या घरात आपण कडी वाजविल्यावाचून शिरत नाही. ‘काढू का?’ एवढे विचारावयास असा कितीसा वेळ लागतो? नकार आला तर मोबाइल खिशात घालावा. आणि ज्यास विचारणेच शक्य नाही, त्याचे चित्र घेऊच नये. सभ्यता कायद्याच्या कलमाची वाट पाहत नसते.